पडला की पाडला? लोकमारियाकेरच्या मोडक्या महाशिळेचं प्रकरण

फ्रान्सच्या पश्चिमेला ब्रिटनी हा प्रांत अटलांटिक महासागरात घुसलेला आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर लोकमारियाकेर नावाचं छोटं गाव आहे. गावाच्या कडेला, गवतावर, एक दगड चार तुकडे होऊन पडला आहे. चारही तुकड्यांची लांबी जोडली तर 20.60 मीटर भरते, म्हणजे सहा-सात मजली इमारतीएवढी. वजन सुमारे 280 टन. दहा टनी ट्रक अठ्ठावीस वेळा भरतील, एवढं वजन एकाच शिळेत. इसवी सनापूर्वी 4500 च्या सुमारास, गिझाच्या पिरॅमिडांच्याही जवळपास दोन हजार वर्षं आधी, माणसांनी ही शिळा इथे आणली आणि उभी केली. त्यांच्याकडे धातूचं एकही हत्यार नव्हतं.

फ्रेंच लोक तिला ‘मोडलेला मोठा मेनहीर’ म्हणतात. मेनहीर हा शब्द ब्रेटन भाषेतला आहे: ‘मेन’ म्हणजे दगड, ‘हिर’ म्हणजे लांब. ब्रेटनमध्ये या शिळेचं आणखी एक नाव आहे, ‘मेन एर ह्रोएग’, परीचा दगड. आपल्याकडेही रानात एखादी शिळा उभी दिसली आणि ती कुणी उभारली हे कुणालाच सांगता आलं नाही, की ती पांडवांच्या किंवा राक्षसांच्या नावावर जाते. तिथे ती परीच्या नावावर गेली.

या शिळेचं प्रकरण एका प्रश्नाभोवती फिरतं. ती पडली की पाडली? अठराव्या शतकापासून जाणकार या प्रश्नाला भिडत आले आहेत. 1980 नंतरच्या दहा-बारा वर्षांत त्याचं उत्तर जवळजवळ उलटलं. ते कसं उलटलं, हे इथे सविस्तर मांडायचं आहे.

आधी दगड नीट पाहू

ही शिळा ऑर्थोनाइस या खडकाची आहे. ग्रॅनाइट जमिनीखालच्या प्रचंड दाबानं आणि उष्णतेनं बदलला की असा पट्टेदार खडक तयार होतो. लोकमारियाकेरच्या आसपास तो मिळत नाही. सर्वांत जवळचे संभाव्य साठे दहा किलोमीटर किंवा त्याहून लांब आहेत. आज गाव आणि त्या भागांच्या मध्ये मोर्बिआं नावाचं आखात पसरलेलं आहे (ब्रेटनमध्ये ‘मोर बिहान’, म्हणजे लहान समुद्र). साडेसहा हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी बरीच खाली होती. आजच्या आखाताचा मोठा भाग तेव्हा जमीन होता आणि त्यातून नद्या वाहत होत्या. शिळेचा काही प्रवास पाण्यावरून झाला असावा, असं काही अभ्यासक मानतात. ओंडक्यांच्या तराफ्यावर 280 टन तोलणं मला तरी डोळ्यांपुढे आणता येत नाही. पण जमिनीवरून ओढणंही त्याहून सोपं नव्हतं.

ते किती अवघड होतं याचा एक ताळा आहे. 1979 मध्ये फ्रान्समधल्याच बुगाँ इथे झां-पिएर मोएन या पुरातत्त्वज्ञानं एक प्रयोग केला. 32 टनांचा काँक्रीटचा ठोकळा लाकडी रुळांवर आणि ओंडक्यांवर ठेवला. 170 माणसांनी दोरानं ओढला, 30 जणांनी मागून तरफा लावल्या, आणि ठोकळा सरकला. आपली शिळा त्याच्या जवळजवळ नऊपट जड आहे. त्याच हिशेबानं दीड-दोन हजार माणसं लागली असती. मग त्यांचं जेवणखाण, दोर वळणारे, रस्ता साफ करणारे, ओंडके पुढे नेऊन टाकणारे वेगळे. तेव्हाच्या वस्त्या लहान होत्या, म्हणजे हे एका गावाचं काम नव्हे. अनेक वस्त्यांना एकत्र बोलावण्याची आणि त्यांना दिवसेंदिवस कामावर ठेवण्याची ताकद कुणाच्या तरी शब्दात होती.

शिळा नुसती आणून रोवलेली नाही. तिचं सगळं अंग घडवलेलं आहे. आपले पाथरवट छिन्नी-हातोडा वापरतात. इथे गारगोटीचे गोटे हातात घेऊन पृष्ठभाग ठेचून ठेचून सारखा केला होता. घरी कधी जात्याला टाकी लावताना पाहिली असेल, तर वीतभर जागेला किती वेळ लागतो हे ठाऊक असेल. इथे पोलादाची टाकी नव्हती आणि घडवायचं अंग वीस मीटर लांब होतं.

एका तुकड्यावर एक कोरीव आकृती आहे, फार झिजलेली. ऊन तिरकं पडलं तरच ती दिसते. जुन्या अभ्यासकांनी तिला ‘नांगर-कुऱ्हाड’ असं नाव दिलं, कारण ती काहीशी नांगरासारखी आणि काहीशी दांडा लावलेल्या कुऱ्हाडीसारखी दिसते. सेर्ज कासेन या फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी वेगळं वाचन मांडलं. त्यांच्या मते तो देवमासा आहे: मोठं चौकोनी डोकं, मागे शेपूट, डोक्यावरून उडणारं पाणी. नांगर म्हटलं तर शिळा शेतकऱ्यांची होते, देवमासा म्हटलं तर दर्यावर्द्यांची. मला कासेन यांचं म्हणणं पटतं. त्या काळी या भागात नांगर होता याचा पुरावा नाही. किनाऱ्यावर वाहून आलेला देवमासा मात्र तिथल्या लोकांनी नक्की पाहिला असणार.

जुने संशयित

अठराव्या शतकात ब्रिटनीच्या पार्लमेंटचे (म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाचे) एक अध्यक्ष क्रिस्तॉफ-पॉल द रोबियां यांनी या भागातल्या पुरातन वस्तूंची चित्रं काढून घेतली. त्यांत ही शिळा मोडलेलीच आहे. त्याआधी ती उभी होती असं सांगणारा भरवशाचा पुरावा नाही. त्यामुळे पहिल्यापासून तर्कांनाच जोर होता.

वीज पडली, हा त्यांतला सर्वांत जुना तर्क. उंच दगड, समुद्राकाठची उघडी जागा, म्हणून तो सुचणं स्वाभाविक होतं. दुसरा तर्क असा, की शिळा कधी पूर्ण उभी राहिलीच नाही. उभारतानाच दोर सुटले आणि ती कोसळली. यात माणसाच्या मोठ्या धाडसाला मिळालेली शिक्षा दिसते, म्हणून हा तर्क लोकांना भावला असावा. पण तुकड्यांची मांडणी त्याला साथ देत नाही. वरचे तीन तुकडे साधारण एका रेषेत पडले आहेत आणि बुडाचा, सर्वांत जाड तुकडा भलत्याच दिशेला. अर्धवट कलती असताना घसरली असती तर सगळे तुकडे एकाच बाजूला मिळायला हवे होते. बूड एका अंगाला आणि शेंडा दुसऱ्या अंगाला पडायचा, तर शिळा आधी उभी असली पाहिजे.

या विचित्र मांडणीनंच तिसरा संशयित पुढे आणला, भूकंप. जमीन हादरली, शिळा मधून तडकली, बूड एकीकडे फिरलं आणि वरचा भाग दुसरीकडे. ब्रिटनीत भूकंप होतात, मोठे नसले तरी. विसाव्या शतकाचा बराच काळ हे उत्तर समाधानकारक मानलं गेलं.

याच काळात अलेक्झांडर थॉम या स्कॉटिश अभियंत्यानं वेगळीच बाजू मांडली. ही शिळा चंद्र पाहण्याचं साधन होतं असं त्यांचं म्हणणं होतं. चंद्राच्या उगवण्या-मावळण्याच्या जागा क्षितिजावर 18.6 वर्षांच्या चक्रात सरकतात. दूरदूरच्या ठराविक जागांवरून या उंच शिळेच्या रोखानं पाहिलं, तर त्या सरकण्याच्या टोकांची नोंद ठेवता येते, असं त्यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. थॉम यांची मोजमापं काळजीपूर्वक केलेली होती. पण ज्या जागांवरून पाहायचं, त्या जागांवर त्या काळाची ठोस खूण मिळाली नाही आणि ही कल्पना मागे पडली.

या सगळ्या मंडळींमध्ये एक गोष्ट समान आहे. सगळे या एकाच शिळेकडे पाहत होते. माझ्या मते प्रकरण इतकी वर्षं अडून राहिलं ते यामुळे.

छतावरचा बैल

लोकमारियाकेरपासून सुमारे चार किलोमीटरवर, आखाताच्या आत, गाव्रिनिस नावाचं बेट आहे. पूर्वी ती जमिनीला जोडलेली टेकडी होती. तिच्या माथ्यावर दगडांचा मोठा रचीव ढीग आहे. त्याच्या पोटात एक लांब बोळ आणि बोळाच्या टोकाला मेलेल्यांसाठीची खोली आहे. बोळाच्या भिंतींतल्या 29 उभ्या शिळांपैकी 23 शिळांवर कोरीव काम आहे. वाळूवर ओसरत्या लाटांनी उठवावीत तशी एकात एक अर्धवर्तुळं, कुऱ्हाडी, नागमोडी रेघा. नवाश्मयुगातल्या युरोपाचं इतकं दाट कोरीव काम फार थोड्या ठिकाणी आहे.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला शार्ल-तांगी ल रू हे पुरातत्त्वज्ञ तिथे काम करत होते. ढिगाची डागडुजी करायची म्हणून वरचे दगड काढले गेले आणि खोलीच्या छताच्या शिळेची वरची बाजू उघडी पडली. सुमारे 17 टनांची ही शिळा. तिची वरची बाजू ढीग रचल्यापासून कुणी पाहिली नव्हती आणि पाहावी अशी अपेक्षाही नव्हती. तिच्यावर कोरीव काम होतं. खिलार आठवावा अशी लांबच लांब शिंगं असलेला बैलासारखा प्राणी, आणि शिळेच्या तुटलेल्या कडेपाशी अर्धवट कापली गेलेली आणखी चित्रं.

अर्धवट चित्रं म्हटल्यावर ल रू यांना दुसरी एक शिळा आठवली. आपल्या मोडक्या शिळेपासून हाकेच्या अंतरावर ‘ताब्ल दे मार्शां’ नावाचं असंच बोळ-खोलीचं दफनस्थळ आहे. त्याच्या छताच्या शिळेवर खालच्या बाजूला एक मोठी कुऱ्हाड कोरलेली आहे आणि तीही कडेपाशी तुटलेली चित्रं घेऊन बसली आहे. आत उभं राहून वर पाहणाऱ्यांना ती कित्येक वर्षं दिसत होती. ल रू यांनी दोन्ही शिळांच्या तुटलेल्या कडा आणि चित्रं जुळवून पाहिली. जुळली. एकाच प्राण्याचं अंग चार किलोमीटरवरच्या दोन छतांमध्ये विभागलं गेलं होतं. 1983 मध्ये ही गोष्ट समोर आली. तिसरा तुकडा मोडक्या शिळेच्या शेजारच्याच एर ग्राह या 140 मीटर लांब टेकाडात वापरला गेला, असं मानलं जातं.

हे तुकडे मनात जोडले की सुमारे 14 मीटर उंचीची आणखी एक शिळा उभी राहते. तीही घडवलेली आणि कोरलेली. तिचे तुकडे झाले, ते वाहून नेले गेले आणि नव्या वास्तूंची छतं झाले.

मी या शोधावर पुन्हा पुन्हा येतो ते एका बारकाव्यामुळे. लोकमारियाकेरला चित्राची बाजू खाली, आत येणाऱ्याला दिसेल अशी ठेवली आहे. गाव्रिनिसला तीच बाजू वर करून तिच्यावर दगडमाती रचली आहे. ज्यांनी बोळाच्या जवळजवळ प्रत्येक शिळेवर इतकं कोरलं, त्यांना छतावरच्या बैलाची दखल नसेल असं मला वाटत नाही. तो त्यांनी जाणून झाकला असावा. शिळा ठेवली आणि तिची नजर मिटवली, असंच मला ते दिसतं. अर्थात बसवताना सपाट बाजू खाली हवी होती, एवढंच साधं कारणही त्यामागे असू शकतं.

अठरा खड्डे

त्यानंतर झां लेल्गुआख या पुरातत्त्वज्ञांच्या नेतृत्वाखाली लोकमारियाकेरला मोडक्या शिळेच्या आसपासची जमीन उकरली गेली. शिळेच्या बुडापासून एका ओळीत एकामागून एक खड्डे निघाले. त्यांत दगड उभा ठेवताना भोवती ठासतात तसे लहान दगड होते. असे अठरा खड्डे होते आणि ओळीत पुढे जावं तसे ते लहान होत गेले होते.

म्हणजे महाशिळा एकटी नव्हती. तिच्यापासून सुरू होऊन उतरत जाणारी एकोणीस शिळांची रांग तिथे उभी होती. 14 मीटरची ती बैलाची शिळा बहुधा याच रांगेतली. आज या अठरांपैकी एकही जागेवर नाही.

इथे प्रकरण पालटलं. भूकंप दगड पाडतो, पण दगड उचलून नेत नाही. अठरा शिळा खड्ड्यांतून गेल्या त्या माणसांनी नेल्या. आणि हे एका गावापुरतं नाही. मोर्बिआंच्या परिसरात माने रुतुआल, पती माँ अशा इतरही दफनस्थळांत जुन्या कोरीव शिळा मोडून वापरलेल्या मिळाल्या आहेत. इसवी सनापूर्वी 4000 च्या आगेमागे या किनाऱ्यावर एक काळ संपत होता. उघड्यावर उभ्या, दुरून दिसणाऱ्या शिळांचा तो काळ होता. त्यानंतर बंदिस्त, अंधाऱ्या, आत वाकून जावं लागणाऱ्या दफनस्थळांचा काळ सुरू झाला आणि दुसऱ्यानं पहिल्याचं सामान वापरलं.

भूकंप मानणाऱ्यांचं एक म्हणणं तरीही उरतं आणि ते न्याय्य आहे. आधी भूकंपानं सगळं पडलं आणि मग लोकांनी पडलेले दगड वापरले, असं का नसेल? बुडाचा फिरलेला तुकडा त्यांच्या बाजूनं आहे. माझा कौल तरीही माणसांकडे जातो. ताब्ल दे मार्शांच्या खोलीत मागच्या भिंतीशी एक कोरीव शिळा आहे, तिच्यावर टोकाशी वळलेल्या काठ्यांच्या रांगा आहेत. लेल्गुआख यांच्या मते ती आधीपासून उघड्यावर उभी होती आणि खोली नंतर तिच्याभोवती बांधली गेली. हे खरं असेल तर हाकेच्या अंतरावर एक शिळा जपली गेली, अठरा काढून नेल्या गेल्या आणि एक मोडून तशीच सोडली गेली. अशी निवड माणूस करतो. बुटकी रुंद शिळा धक्क्यातून वाचू शकते, हे मला मान्य आहे. पण बाकी सगळ्या गोष्टी एकाच दिशेनं बोट दाखवतात.

एक मजबूत खड्डा बाजूनं उकरला, दोर बांधले आणि दोनशे-तीनशे माणसं एका बाजूनं ओढू लागली, तर एवढी उंच शिळा स्वतःच्या वजनानंच कलते. पडताना मधून तडकली तर बूड उलट्या अंगाला उसळणंही अशक्य नाही. हा माझा तर्क आहे आणि तो तर्क म्हणूनच वाचावा.

आपल्या डोळ्यांनी

मोडणं म्हटलं की आपण लगेच शत्रू शोधतो. कुणी परके आले, त्यांनी जुन्यांचे देव फोडले, असं या शिळेबद्दलही म्हटलं गेलं आहे. मराठी वाचकाला मात्र दुसरी शक्यता समजायला अवघड जाऊ नये. आपण दहा दिवस पुजलेली मूर्ती स्वतःच्या हातांनी पाण्यात सोडतो आणि त्यात वैर नसतं. खंडित मूर्ती देव्हाऱ्यातून उठते आणि नदीला किंवा पिंपळाखाली जाते. जुन्या देवळाचे दगड बारवेच्या पायऱ्यांत सापडतात. गावासाठी मेलेल्या माणसाचा वीरगळ पुढे देवळाच्या पायरीत बसतो, ओट्याला टेकतो, कधी त्याच्यावर धुणंही धुतलं जातं. त्या दगडाशी कुणाचं भांडण नसतं. त्याचा आधीचा अर्थ सरलेला असतो आणि दगड उरलेला असतो.

हे साम्य मी समजून घेण्यापुरतंच सांगतो. ब्रिटनी आणि दख्खन यांच्यात पुलासारखा कुठलाही पुरावा नाही. आपल्याकडची महाश्मयुगीन स्मारकं, विदर्भातल्या जुनापाणी, माहुरझरी, नायकुंडची शिळावर्तुळं, लोहयुगाची आहेत. लोकमारियाकेरची शिळा पडून तेव्हा सुमारे तीन हजार वर्षं झाली होती. एक योगायोग मात्र मनात राहून गेला. नागपूरजवळच्या जुनापाणीच्या वर्तुळांचं उत्खनन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या इंग्रज अधिकाऱ्यानं केलं, त्याचं आडनाव रिव्हेट-कार्नाक होतं. मुंबईकर त्याच घराण्याचं नाव कर्नाक बंदर म्हणून ओळखतात. आणि उभ्या शिळांच्या हजारोंच्या रांगांसाठी जगभर प्रसिद्ध असलेलं, लोकमारियाकेरच्या शेजारचं गाव आहे कार्नाक.

दुसरा दुवा ताजा आहे. जुलै 2025 मध्ये पॅरिसला झालेल्या जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनात रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्गासह बारा किल्ल्यांची मराठा लष्करी स्थळं यादीत आली. त्याच अधिवेशनात ‘कार्नाक आणि मोर्बिआंच्या किनाऱ्यांवरील महाश्म’ हेही यादीत आले: 28 गावांच्या हद्दींत पसरलेली 550 हून अधिक स्मारकं. आपण किल्ल्यांसाठी टाळ्या वाजवत होतो तेव्हा तिथे या मोडक्या शिळेचंही नाव वाचलं गेलं.

तिला फ्रान्समध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं ते 1889 मध्ये. तेव्हापासून अनेकांना प्रश्न पडला असेल, की आता यंत्रं आहेत, तर तुकडे जोडून ती पुन्हा उभी का करू नये? ती आडवीच ठेवली गेली हे मला योग्य वाटतं. उभी केली तर पहिली दोन-चारशे वर्षं दिसतील आणि नंतरची सहा हजार पुसली जातील. तुकड्यांची फिरलेली दिशा हाच तर या प्रकरणातला सर्वांत मोठा मुद्देमाल आहे.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. रांगेतल्या बाकी शिळा गेल्या. त्यांच्यातल्या एकीचे तुकडे चार किलोमीटर लांब, टेकडीवर चढवले गेले. मग हे चार तुकडे का राहिले? सर्वांत जड होते म्हणून, हे उत्तर पुरत नाही. शेंड्याकडचे तुकडे बुडाच्या मानानं बरेच लहान आहेत आणि त्या लोकांनी जड शिळा नेलेल्याच होत्या. शेजारी ताब्ल दे मार्शां बांधलं जात असताना घडवलेला, सपाट, छताला लायक दगड समोरच पडलेला होता. त्याला कुणी हात लावला नाही. बांधकाम पूर्ण झालं, पिढ्यान्‌पिढ्या लोक आपली माणसं पुरायला त्या बोळात वाकून शिरत राहिले, आणि आत जाताना नि बाहेर येताना त्यांना ती पडलेली शिळा दिसत राहिली.